विरुद्ध बाजूचा नवरा

त्या वर्षी शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाचं नाटक काही बसलं नाही. नायकाची बदली ह्यूस्टनला झाली आणि नायिकेला डोहाळे लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता, तरी मंडळाला महिनाभर पुरेल एवढा चघळायला विषय मिळाला. शेवटी जगन्नाथकाकांनी, म्हणजे मंडळातल्या सगळ्यात जुन्या डॉक्टरांनी, फर्मान काढलं: नाटक राहू दे, वादविवाद स्पर्धा घेऊ. कॉलेजात व्हायची तशी.

साल १९८०, महिना ऑक्टोबर. अमेरिकेची निवडणूक तोंडावर आली होती. तेहरानला वकिलातीतली माणसं जवळजवळ वर्षभर ओलीस पडली होती, घरकर्जाचे व्याजदर बघून लोकांचे डोळे पांढरे होत होते, आणि कुणाच्याही घरी जेवायला जा, भाजी वाढून व्हायच्या आत राष्ट्राध्यक्ष कार्टरचा विषय निघत होता. काकांनी तोच घेतला: ‘विद्यमान राष्ट्राध्यक्षांना पुन्हा निवडून द्यावे.’ मंडळातली निम्म्याहून जास्त माणसं ग्रीन कार्डावर, म्हणजे त्यांना मतदान करताच येणार नव्हतं. पण जे मत देऊ शकत नव्हते तेच सगळ्यात तावातावाने बोलत होते.

स्पर्धेचं पत्रक घरी आलं तेव्हा प्रल्हाद खासनीस स्वयंपाकघरात उभा राहून चहा पीत होता. नियम वाचताना त्याने कप ओट्यावर ठेवून दिला. ‘प्रत्येक संघात दोन वक्ते. एकाने अनुकूल बोलावे, एकाने प्रतिकूल. दोघांच्या गुणांची बेरीज करून ढाल दिली जाईल.’

ज्यांनी महाराष्ट्रात कॉलेज केलं नाही त्यांना ही पद्धत जरा वेडपट वाटेल. एकाच कॉलेजची किंवा विद्यापीठाची दोन पोरं व्यासपीठावर चढून एकमेकांच्या चिंधड्या उडवतात आणि बक्षीस मात्र दोघांना मिळून मिळतं. तू मला जितकं चांगलं हाणशील तितकं आपलं दोघांचं भलं, असा तो व्यवहार. प्रल्हाद आणि शरयू यांनी तीन वर्षं हाच व्यवहार केला होता. मुंबई विद्यापीठातर्फे सांगली, अमरावती, नागपूर असे एस्टीचे धक्के खात दोघं फिरले. तो इंजिनिअरिंगचा, ती कायद्याची. एकदा सांगलीला तिने त्याला भर सभेत असा काही सोलून काढला की तो खाली उतरला तो तिला लग्नाचं विचारायलाच. ती म्हणाली, “विचार करून मुद्देसूद उत्तर देते,” आणि परतीच्या एस्टीत कराड यायच्या आत ‘हो’ म्हणून मोकळी झाली.

लग्नानंतरही वाद थांबले नाहीत. फ्रीज कोणता घ्यायचा, मुलीचं नाव दीपा ठेवायचं की दुसरं काही, शिकागोला जायला ट्रेन बरी की गाडी बरी, सगळ्यावर दोन्ही बाजूंनी रीतसर भाषणं व्हायची. शेजारची अमेरिकन बाई एकदा घाबरून विचारायला आली होती, सगळं ठीक आहे ना म्हणून. तिला काय सांगणार? सगळं उत्तमच होतं.

मग दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर आला. विक्रोळीला शरयूच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. शरयूने त्याच संध्याकाळी बॅग काढली. आणि प्रल्हादने, देवा, प्रल्हादने वाद घातला. डॉक्टर म्हणतात तब्येत स्थिर आहे. दीपाची शाळा चालू आहे. ख्रिसमसमध्ये तिकिटं मिळणं मुश्किल. आत्ता जाशील तर पंधरा दिवसांत परतावं लागेल, एप्रिलमध्ये गेलीस तर तीन महिने आईजवळ राहता येईल, आणि खरी गरज आईला तेव्हाच लागणार आहे. एकेक मुद्दा चोख. शरयूने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. बॅग परत कपाटावर गेली. आयुष्यात इतका स्वच्छ विजय त्याला कधी मिळाला नव्हता.

जानेवारीत शिकागोवर न भूतो न भविष्यति असा बर्फ कोसळला. ओहेअर विमानतळावरची विमानं बंद, रस्ते बंद, गाड्या गाडल्या गेलेल्या. त्याच दिवसांत आई गेल्याचा फोन आला. विमानं सुरू होईपर्यंत विक्रोळीला सगळं आटोपलं होतं. शरयू खिडकीशी उभी होती. वळून ती एवढंच म्हणाली, “तुझे सगळे मुद्दे बरोबर होते.”

त्यानंतर ती कशालाच ‘नाही’ म्हणाली नाही. भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, माहेरी निघून गेली असती तर प्रल्हादने ते आनंदाने सोसलं असतं. पण ती घर सांभाळत होती, बँकेतली नोकरी करत होती, हसतही होती, आणि काहीही विचारलं की म्हणत होती, “तू म्हणशील तसं.” एकदा गाड्यांच्या शोरूममध्ये त्याने मुद्दाम, केवळ ती उसळावी म्हणून, भडक नारंगी स्टेशन वॅगनकडे बोट दाखवलं. “ही घेऊ या?” “तू म्हणशील तसं.” आता तो रोज ती नारंगी गाडी चालवत स्टेशनवर जात होता आणि ट्रेनमधले लोक त्याला तेवढ्यावरून ओळखत होते. त्याला शरयूची इतकी आठवण येत होती की विचारू नका. समोर बसलेल्या बायकोची आठवण येते हे कुणाला सांगायचं, आणि सांगितलं तर समजणार कुणाला?

म्हणून त्याने पत्रकावर दोघांची नावं लिहिली आणि मग तिला विचारलं.

“स्पर्धेत नाव दिलंय आपलं. चालेल?”

“तू म्हणशील तसं,” शरयू म्हणाली आणि कणीक मळू लागली.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिच्या वाट्याला अनुकूल बाजू आली, त्याच्या वाट्याला प्रतिकूल. कार्टर हवा हे तिने सांगायचं, नको हे त्याने. प्रल्हादला आनंदाने झोप लागेना. त्याने ठरवून टाकलं की आपण हरायचं. पण असं हरायचं की तिला आपल्याला हाणल्यावाचून राहवणारच नाही. आपल्या भाषणात एक मोठी फट ठेवायची, बैलगाडी जाईल एवढी. ती फट कोणती हेही त्याला लगेच सुचलं, आणि आपल्या हुशारीवर तो भलताच खूश झाला.

गोष्ट अशी होती की कार्टरच्या आईने म्हातारपणी विक्रोळीच्या दवाखान्यात दोनेक वर्षं नर्सचं काम केलं होतं. हे मंडळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी तर निम्मं मंडळ या एका कारणासाठी कार्टरच्या बाजूचं झालं होतं; जणू माणूस जॉर्जियाचा नसून घाटकोपरचा. शरयूचं सगळं बालपण विक्रोळीच्या कारखान्याच्या वसाहतीत गेलेलं. लग्नानंतर आईने तिला सांगितलंही होतं, एक गोऱ्या आजीबाई दवाखान्यात येतात, लांबून दिसतात, चालतात तुरूतुरू. प्रल्हादने आपल्या भाषणात घालायचं ठरवलं: या माणसाचा आपल्याशी संबंधच काय? की झालं. शरयू उठेल, विक्रोळी काढेल, सभा जिंकेल. आणि बोलता बोलता तिच्या आतलं जे काही गोठलंय ते सुटेल. इंजिनिअर माणूस, बायकोचं दुःख म्हणजे तुंबलेला पाइप असावा तसा हिशेब त्याने केला.

स्पर्धा शनिवारी दुपारी, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होती. मागे टेबलावर बटाटेवडे, पुढे घडीच्या खुर्च्या. ढाल म्हणून काकांनी दुकानातून जी ट्रॉफी आणली होती तिच्यावर बोलिंग खेळणारा पितळी माणूस वाकून उभा होता. दुसरं काही त्या दुकानात मिळालंच नाही म्हणे. पाच जोड्या होत्या. शेजारच्या ऑरोराचे विवेक आणि उत्तरा, हे तरुण जोडपं, आधी बोलले. विवेकने अनुकूल बाजू घेतली आणि अपेक्षेप्रमाणे दुसऱ्याच मिनिटाला विक्रोळी काढली.

“मित्रहो, ज्या माउलीने आपल्या मुंबईच्या गोरगरिबांना इंजेक्शनं दिली, तिच्या मुलाला आपण नाकारणार?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रल्हाद मनात चरफडला. फट आपण शरयूसाठी योजली आणि त्यातून आधीच हा घुसला. उत्तराने उठून नवऱ्याला झकास उत्तर दिलं, ‘आईच्या पुण्याईवर व्हाइट हाऊस चालत नाही, व्याजदर बघा,’ आणि तिलाही टाळ्या पडल्या. दोघं जागेवर येऊन बसले तेव्हा एकमेकांना कोपराने ढोसत हसत होते. प्रल्हाद त्यांच्याकडे बघत राहिला.

मग शरयू. निळी साडी, हातात एकही कागद नाही. ती बोलली, अगदी व्यवस्थित बोलली. इजिप्त आणि इस्राएल यांचा समेट, ऊर्जेची बचत, मानवी हक्क. शब्द जागच्या जागी होते, पण आवाज बँकेच्या काउंटरवरचा होता. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतलं कुणीतरी वड्यांकडे जाऊन आलं.

प्रल्हाद उठला. त्याने ठरल्याप्रमाणे वाईट भाषण केलं. पेट्रोलच्या रांगा, महागाई, ओलिसांना सोडवायला निघून वाळवंटात कोसळलेली हेलिकॉप्टरं, सगळं वरवर बोलून गेला. जिथे धार लावायची तिथे बोथट केली. ज्याने त्याला कॉलेजात ऐकलं होतं तो कपाळाला हात लावून बसला असता. आणि शेवटी शरयूच्या दिशेने न बघता तो म्हणाला, “आणि मुख्य म्हणजे, या माणसाचा आपल्या लोकांशी, आपल्या मुंबईशी काही संबंध आहे का? माझं प्रतिपक्षाला आव्हान आहे, एक तरी दाखवा.”

हॉल हसला. हे तर विवेकने मघाशीच दाखवलं होतं! अहो, विक्रोळी, विक्रोळी, असं दोघातिघांनी ओरडूनही सांगितलं. जगन्नाथकाकांनी टेबलावर पेला आपटला. अनुकूल बाजूला उत्तर द्यायला तीन मिनिटं होती.

शरयू उठली आणि प्रल्हादने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्याला तो सांगलीत भेटला होता.

“अध्यक्षमहाराज,” ती म्हणाली, “प्रतिपक्षाच्या वक्त्यांना मी चांगली ओळखते. त्यांना विक्रोळी माहीत आहे. त्यांनी मुद्दाम दार उघडं ठेवलंय, मी आत जावं आणि टाळ्या घ्याव्यात म्हणून. मी जाणार नाही. विक्रोळी माझ्या आईचं गाव आहे. ते मला आयतं वाढून द्यायचं त्यांना काही कारण नव्हतं.”

ती एक पाऊल पुढे आली.

“आणि तो मुद्दाच नाही. कुणाची आई कुठे राबली यावरून मत देऊ नये. उत्तराताई म्हणाल्या ते खरं आहे. मी अनुकूल आहे ती वेगळ्या कारणासाठी. या माणसावर सगळ्यांचा एकच राग आहे, हा थांबतो. बावन्न माणसं परक्या मुलखात अडकलीत आणि हा थांबतो. धडाक्यात काहीतरी करून टाका, असं सांगणारे खूप आहेत. त्यांचे मुद्दे बरोबरही असतील. कागदावर सगळे मुद्दे बरोबर असतात हो! पण त्या बावन्न जणांची दारं आहेत, दाराशी कुणी म्हातारी बसलेली आहे, तिला तारखा समजत नाहीत, तिला फक्त माणूस यायला हवा आहे. जो निर्णय घेताना त्या म्हातारीला मोजतो त्याला कमकुवत म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी आणखी चार वर्षं त्यालाच देईन. मला मत नाही, पण असतं तर दिलं असतं.”

ती बसली. आणि हॉल अक्षरशः उभा राहिला. तेरा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असलेले, रोज उठून कार्टरला लाखोली वाहणारे लोकसुद्धा टाळ्या वाजवत होते. प्रल्हाद टाळ्या वाजवत नव्हता. हात उचलायचं त्याला भान नव्हतं. तो आवाज त्याने जवळजवळ दोन वर्षांनी ऐकला होता, आणि तो ऐकताना सुख किती आणि मार किती हे त्याला वेगळं करता येईना. त्या डिसेंबरात त्याने शाळा मोजली होती, तिकिटं मोजली होती. म्हातारीला मोजलं नव्हतं.

निकाल लागला. उत्कृष्ट वक्ता शरयू खासनीस, परीक्षकांचं एकमत. ढाल विवेक आणि उत्तराला. कारण बेरीज. प्रल्हादला पाचही जोड्यांत सगळ्यात कमी गुण होते, आणि त्याने तिला जिंकवण्यासाठी जे केलं त्यानेच तिची ढाल गेली होती. तीन वर्षं जो व्यवहार त्याला पाठ होता तोच तो विसरला होता. वाकलेला पितळी माणूस काखेत घेऊन विवेक त्याच्याजवळ आला.

“काय प्रल्हादराव, आज फॉर्मात नव्हता यार! वहिनींनी तर धुऊन काढलं तुम्हाला.”

“हो,” प्रल्हाद म्हणाला. “वहिनी जोरात होत्या.”

दीपा धावत आली. नऊ वर्षांची पोर, भाषणातलं तिला अर्धंच कळलं होतं. “मॉम, यू वर सो मॅड!” असं कौतुकाने सांगून ती उत्तराच्या मुलांबरोबर पिझ्झा खायला गेलीसुद्धा.

पार्किंग लॉटमध्ये ऊन कलतं होतं आणि मेपलची पानं गाड्यांच्या टपांवर पडली होती. शरयू गाडीत बसली, पण तिने पट्टा लावला नाही. प्रल्हादने किल्ली फिरवली नाही.

“मुद्दाम हरलास,” ती म्हणाली.

“तू बोलावंस म्हणून.”

“माझी आई वापरलीस त्यासाठी. लाज नाही वाटली? आणि मी पहिली आले ती कुणाला हरवून? जो खेळलाच नाही त्याला. त्या मुलांची ढाल आहे रे ती, त्यांनी नीट भांडून घेतली. आपल्याला मिळाली नाही याचं मला काही नाही, पण तू मला फुकट दिलंस याचा मला इतका संताप आलाय!”

“येऊ दे ना, येऊ दे संताप,” प्रल्हाद म्हणाला. “कधीपासून वाट बघतोय.”

तिने समोरच्या काचेकडे तोंड वळवलं. “मी डिसेंबरमध्ये जाणार आहे,” ती म्हणाली. “विक्रोळीला. घर भाऊ विकायला काढतोय. त्याच्या आधी मला त्या घरात राहायचंय. एकटीला. किती दिवस ते मला माहीत नाही.”

दोन वर्षं ज्या आवाजासाठी तो तळमळला तो आवाज परत आला होता, आणि आल्या आल्या निघून जायचं म्हणत होता. प्रल्हादच्या डोक्यात सवयीने मुद्दे उभे राहिले. आई आता तिथे नाही. घर रिकामं आहे. बँक इतकी रजा देणार नाही. सगळे चोख होते. त्याने एकेक करून ते सोडून दिले.

“बोल की,” शरयू म्हणाली. “प्रतिकूल बाजू तुझीच आहे. पण आता मुद्दाम वाईट बोललास तर मी इथून चालत घरी जाईन.”

“मला तुझ्याशिवाय राहता येत नाही,” प्रल्हाद म्हणाला. “तू गेलीस आणि आलीच नाहीस तर काय, याची भीती वाटते. बस. दुसरं काही नाही माझ्याकडे.”

“हा काय मुद्दा आहे?”

“नाही.”

शरयू वळून त्याच्याकडे बघू लागली. इतका वेळ ती रागावलेली होती. आता तिच्या तोंडावर वेगळंच काहीतरी आलं होतं, आणि ते रागापेक्षा बघायला कठीण होतं.

“तेव्हाही हेच होतं?” तिने विचारलं. “त्या डिसेंबरात? शाळा, तिकिटं, एप्रिल, ते सगळं बोलत होतास तेव्हा?”

त्याने होकारार्थी मान हलवली. खरं म्हणजे हे त्यालाही आत्ताच कळत होतं. बॅग कपाटावरून खाली आलेली पाहिली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. बाकीचं सगळं त्यावर नंतर रचलेलं होतं.

“मग हे का नाही म्हणालास रे?” शरयूचा आवाज फुटला. “शाळेला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकिटांना नव्हतं. याला होतं. वेड्या, पंधरा दिवसांत परत येते, असं म्हटलं असतं. तुझ्या डोक्यावर हात ठेवून गेले असते. आणि आले असते परत.”